उधारीची वही आणि दुकानातला मोबाईल

रेणापूरच्या दुकानदाराची स्पर्धा लातूरशी आहे. अंबाजोगाई-लातूर रस्त्याने वीसेक किलोमीटर गेलं की लातूर. तिथे १९१७ साली आखलेली गंजगोलाईची बाजारपेठ, तिच्यातून फुटणारे सोळा रस्ते आणि त्या रस्त्यांवर कापड, सराफा, भुसार, भांडी यांच्या पेढ्या. सोयाबीन आणि तुरीचा मोठा मोंढाही तिथेच. रेणापूर तालुक्यातला शेतकरी मोंढ्यात माल घालतो, आडत्याकडून पट्टी घेतो आणि हाती पैसे येतात त्या घडीला तो गोलाईपासून हाकेच्या अंतरावर असतो. गावातल्या दुकानाची उधारी त्याला परतल्यावर आठवते आणि तोवर पट्टीतली मोठी नोट मोडलेली असते.

भावात लातूरच्या घाऊक दुकानदाराला हरवणं रेणापूरच्या किराणावाल्याला किंवा कृषी सेवा केंद्रवाल्याला शक्य नाही. त्याने त्या नादी लागूही नये. त्याच्याकडे तीन गोष्टी आहेत. माल हाताशी मिळतो, गिऱ्हाईक ओळखीचं असतं आणि पैसे नसले तरी काम अडत नाही. धंद्यात तंत्रज्ञान आणायचं ते या तीन गोष्टी पक्क्या करण्यासाठी. त्यांतही सुरुवात उधारीपासून करावी, असं माझं ठाम मत आहे. लहान दुकानाचा जीव उधारीत अडकलेला असतो. बाकी ॲप, वेबसाइट, जाहिराती यांचा विचार नंतर.

या भागातलं पैशाचं वर्ष कसं फिरतं ते आधी पाहू. मृग लागला की बियाणं, खत आणि फवारणीची औषधं उधारीवर जातात. ‘मालक, लिहून ठेवा, माल निघाला की देतो’ हे वाक्य जून-जुलैत दिवसातून कितीतरी वेळा कानावर पडतं. सोयाबीन निघतं दसऱ्या-दिवाळीच्या सुमाराला, तूर संक्रांतीच्या आगेमागे. ज्यांच्याकडे पाणी आहे त्यांचा ऊस निवाड्याच्या रेणा सहकारी साखर कारखान्याकडे किंवा आजूबाजूच्या कारखान्यांकडे जातो. ऊस नियंत्रण आदेश १९६६ सालचा. त्यानुसार ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत. प्रत्यक्षात बिल हप्त्याहप्त्याने येतं, हे उसाच्या पट्ट्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पुढे गुढीपाडव्याला सालगड्याची उचल द्यावी लागते आणि घरात पुन्हा ओढाताण सुरू होते.

म्हणजे दुकानातून माल जूनमध्ये जातो आणि पैसा परत येतो नोव्हेंबरात. मध्ये पाच महिने. समजा एका दुकानदाराचे तीन लाख रुपये असे बाहेर आहेत आणि त्या मालावर त्याला दहा टक्के सुटतात. म्हणजे वहीवरचा नफा तीस हजार. आता हे तीन लाख त्याने स्वतः बँकेच्या कॅश क्रेडिटवर, वर्षाला बारा टक्क्यांनी उचलले असतील तर पाच महिन्यांचं व्याज पंधरा हजार. खाजगीत महिन्याला शेकडा दोनने घेतले असतील तर तीस हजार. नफा तिथेच संपला. त्यातून एखादं गिऱ्हाईक बुडवून गेलं की दुकानदार पदरमोड करून गावाची शेती पेरून देत असतो. दिवसभर गर्दी असूनही दुकान पुढे का जात नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा या हिशेबात सापडतं.

उत्पादकता हा शब्द कारखान्यांच्या संदर्भात ऐकायची आपल्याला सवय आहे. लहान दुकानात तिची मापं दोनच. बाहेर गेलेला पैसा किती दिवसांनी परत येतो आणि फळीवरचा माल किती दिवसांनी हलतो. हे दिवस कमी करणारं यंत्र कामाचं. जे करत नाही ते कितीही नवं असलं तरी खर्चच.

नुसत्या नोंदी ठेवल्याने धंदा किती बदलतो, याचा चांगला पुरावा महाराष्ट्राच्याच आसपास आहे. मुंबईजवळच्या तारापूर आणि उंबरगावच्या कापड गिरण्यांमध्ये २००८ पासून एक मोठा प्रयोग झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठातले निकोलस ब्लूम, त्यांच्याबरोबर अप्रजित महाजन आणि इतर अर्थशास्त्रज्ञ त्यात होते. १७ कंपन्यांच्या २८ गिरण्या त्यांनी घेतल्या आणि त्यातल्या काहींना काही महिने सल्लागारांची मदत दिली. सल्ला अगदी साधा होता. कापडातल्या दोषाची नोंद रोज करा, कोणता माग कशामुळे बंद पडला ते लिहा, गोदामातलं सूत मोजून लावा, रोज सकाळी ती नोंद समोर घेऊन बोला. या गिरण्यांची उत्पादकता पहिल्याच वर्षात सरासरी १७ टक्क्यांनी वाढली. या गिरण्या आपल्या दुकानांपेक्षा खूप मोठ्या, शेकडो कामगारांच्या. पण तिथल्या मालकांची सवय आपल्या ओळखीची आहे. सगळं डोक्यात आहे, लिहायची गरज काय, असं त्यांनाही वाटत होतं.

या प्रयोगाचा पुढचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. काही वर्षांनी संशोधक पुन्हा त्या गिरण्यांमध्ये गेले. तेव्हा सुरू केलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या बंद पडल्या होत्या. एक मोठं कारण असं की ज्या व्यवस्थापकाने त्या लावल्या तो सोडून गेला होता. नोंदीची सवय एका माणसाला चिकटलेली असली की त्याच्याबरोबर तीही जाते.

आता हेच आपल्या दुकानात लावून बघा. मालक लातूरला माल भरायला जातो. दुपारी गल्ल्यावर बायको किंवा आई बसते, शाळा सुटल्यावर मुलगा बसतो. उधारीचं ॲप मालकाच्या मोबाईलमध्ये आणि मोबाईल मालकाच्या खिशात, लातूरला. मागे राहिलेली माणसं पाठकोऱ्या कागदावर, कॅलेंडरच्या मागे किंवा सिगारेटच्या पाकिटावर लिहितात. संध्याकाळी मालक येतो, दमलेला असतो, ‘उद्या चढवू’ म्हणतो. अशा दहा-वीस चिठ्ठ्या हरवल्या की ॲप आणि डोकं दोन्ही चुकतात. ॲप निरुपयोगी आहे असं मग दुकानदार सांगतो. दोष ॲपचा नसतो. नोंद ज्या जागी व्हायला हवी तिथे ते पोचलेलं नसतं.

म्हणून पहिला खर्च करायचा तो दुकानाच्या वेगळ्या मोबाईलवर. जुना, स्क्रीनला तडा गेलेला चालेल, पण तो गल्ल्याशेजारीच राहिला पाहिजे आणि घरातल्या प्रत्येकाला त्यात लिहिता आलं पाहिजे. नंबरही दुकानाचाच असावा. खाताबुक, ओकेक्रेडिट यांसारखी ॲप मराठीत चालतात. नाव, रक्कम, तारीख टाकली की झालं. ज्यांना मोबाईलवर लिहिणं जमत नाही त्यांनी कीर्दवहीत लिहावं आणि रात्री गल्ला मोजताना ते मोबाईलमध्ये चढवावं. वही आणि मोबाईल दोन्ही ठेवण्यात कमीपणा नाही. उलट वीज गेली, रेंज गेली, मोबाईल पाण्यात पडला तरी धंदा थांबत नाही. नियम मात्र एक पाळायचा: माल काउंटरवरून खाली उतरायच्या आधी नोंद. गिऱ्हाईक समोर उभं असताना, त्याला ऐकू जाईल असं मोठ्याने बोलून.

या मोठ्याने बोलण्याला कायद्याच्या बाजूनेही अर्थ आहे. नियमित ठेवलेल्या हिशेबाच्या वह्या आपल्याकडे पुराव्यात धरल्या जातात, पण तेवढ्या नोंदीवरून समोरच्या माणसावर देणं लादता येत नाही. सोबत दुसरा काही आधार लागतो. त्यामुळे उधारी लिहिली की लगेच गिऱ्हाइकाच्या व्हॉट्सॲपवर एक ओळ पाठवावी आणि तिला ‘ठीक’ असं उत्तर घ्यावं. दुसरी गोष्ट मुदतीची. उधार विकलेल्या मालाच्या पैशासाठी दावा करायला मुदत कायद्याने साधारण तीन वर्षं दिली आहेत. ती संपायच्या आत गिऱ्हाइकाने सही करून देणं मान्य केलं तर मुदत तिथून पुन्हा मोजली जाते. गावात कोर्टापर्यंत कुणी जात नाही आणि जाऊही नये. तरी वर्षातून एकदा, दिवाळीच्या वहीपूजनाच्या आधी, प्रत्येक खात्याची बाकी त्या त्या माणसाला दाखवून त्याची सही घेण्याची जुनी रीत पुन्हा सुरू करण्यासारखी आहे.

नोंदीपेक्षा वसुली अवघड. ॲपमधून आपोआप जाणारे तगाद्याचे मेसेज शहरात चालतात. रेणापुरात नाहीत. तिथे गिऱ्हाईक हा भावकीतला, शेजारचा किंवा शाळासोबती असतो आणि यंत्राने पाठवलेलं ‘तुमची रक्कम थकली आहे’ हे वाक्य त्याच्या जिव्हारी लागतं. मग तो रस्ता बदलून जातो, उधारी राहते ती राहतेच आणि नवी खरेदी दुसऱ्या दुकानातून होते. आपोआप मेसेज जाण्याची सोय बंदच ठेवावी. त्याऐवजी उधारी देतानाच वायदा विचारावा आणि लिहावा: सोयाबीनवर, तुरीवर, की उसाच्या बिलावर. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये प्रत्येक नंबरला लेबल लावता येतं. ‘सोयाबीन’, ‘तूर’, ‘ऊस’ अशी तीन लेबलं करा आणि गिऱ्हाइकं त्यात घाला. मोंढ्यात नवं सोयाबीन यायला लागलं की पहिल्या लेबलमधल्या प्रत्येकाला त्याच्या नावाने लिहा: ‘रामराम काका, सोयाबीन काढणी झाली का? जूनमधली खताची ६,४०० बाकी आहे. पट्टी झाली की दुकानाकडे येऊन जा. चहा घेऊ.’ हा मेसेज पट्टी होण्याच्या आधी पोचला पाहिजे. गोलाईत उभ्या असलेल्या माणसाच्या खिशातल्या पैशांवर गावातल्या दुकानाचा हक्क त्याच वेळी लक्षात राहतो. सगळेच पैसे मिळणार नाहीत. अर्धे आले तरी घ्या, लगेच जमा लिहा आणि उरलेल्याचा नवा वायदा त्याच बैठकीत ठरवा.

साध्या गोष्टीचा उपयोग जास्त होतो याचं एक उदाहरण उसाच्याच धंद्यातलं आहे. १९९८ मध्ये कोल्हापूर-सांगलीकडच्या वारणा परिसरात ७० गावं संगणकांनी जोडण्याचा सरकारी प्रकल्प सुरू झाला. त्याचा तेव्हा देशभर गाजावाजा झाला. शेतकऱ्यांना पीक सल्ला, बाजारभाव, इंटरनेट असं सगळं मिळावं ही कल्पना होती. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधकांनी पाहिलं तेव्हा या संगणकांवर मुख्यतः ऊस किती वजनाचा गेला, खत किती उचललं, बिल किती, असा कारखान्याचा हिशेब पाहिला जात होता. त्यांनी काही गावांमध्ये संगणकाऐवजी साध्या मोबाईलच्या एसएमएसवर तीच माहिती दिली. काम भागलं, खर्च कमी झाला आणि केंद्र उघडण्याची वाट शेतकऱ्याला पाहावी लागेना. लोकांना हवा होता तो आपल्या पैशाचा हिशेब. दुकानात काही नवं घेताना हा अनुभव लक्षात ठेवावा.

आता घराच्या खर्चाकडे. दुकानदाराच्या घरात साखर दुकानातून जाते, मुलाची फी गल्ल्यातून जाते, लग्नातला आहेरही गल्ल्यातूनच. महिन्याअखेर धंद्याने किती दिलं आणि घराने किती खाल्लं याचा पत्ता लागत नाही. डॉमिनिकन रिपब्लिक या कॅरिबियन देशात लहान व्यावसायिकांना दोन प्रकारे हिशेब शिकवून पाहिला गेला. काहींना जमा-नावेची रीतसर पद्धत शिकवली, काहींना अगदी ढोबळ नियम दिले: धंद्याचे पैसे एका खणात, घराचे दुसऱ्या खणात आणि मालकाने स्वतःला ठरलेला पगार द्यायचा. ढोबळ नियमवाल्यांचे हिशेब सुधारले. रीतसर शिकलेल्यांमध्ये म्हणावा तसा फरक पडला नाही. आपल्याकडे दोन खणांचं काम दोन बँक खाती आणि दोन क्यूआर करू शकतात. दुकानाचा क्यूआर दुकानाच्या चालू खात्याला जोडा, घरातल्या कुणाच्या बचत खात्याला नको. महिन्याच्या एक तारखेला ठरलेली रक्कम घरच्या खात्यात टाका आणि घरात नेलेली साखरही ‘घर’ या नावाच्या खात्यावर लिहा.

यूपीआयचे फायदे वेगळे सांगायला नकोत. एप्रिल २०१६ मध्ये ते सुरू झालं, त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटाबंदी आली आणि आज चहाच्या टपरीवरही क्यूआर दिसतो. १ जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून यूपीआयने आलेल्या पैशांवर दुकानदाराला शुल्क नाही. उसाचं बिल थेट बँकेत जमा होतं, त्यामुळे ते पैसे रोख काढल्याशिवाय दुकानापर्यंत यायला हाच रस्ता सोपा. सुट्ट्या पैशांचा प्रश्नही यातून सुटतो आणि हा प्रश्न लहान नाही. पश्चिम केनियातल्या लहान दुकानांच्या अभ्यासात, सुट्टे नसल्यामुळे हुकलेल्या विक्रीने एकूण नफ्याच्या ५ ते ८ टक्के इतका फटका बसतो, असं दिसलं.

सावधगिरी मात्र हवी. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. कुणी ‘पैसे पाठवतोय, पिन टाका’ म्हणालं तर तो लुटारू समजा. गर्दीत गिऱ्हाइकाने दाखवलेल्या स्क्रीनवर विश्वास ठेवू नका, कारण खोटी स्क्रीन बनवणारी ॲप निघाली आहेत. गल्ल्यावरच्या साउंडबॉक्सने रक्कम बोलली तरच पैसे आले. रोज दुकान उघडताना क्यूआरवर कुणी दुसरा कागद तर चिकटवला नाही ना, तेही पाहा. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त असते.

यूपीआयची भीती वाटण्याचं दुसरं कारण म्हणजे कर. जुलै २०२५ मध्ये शेजारच्या कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून हजारो लहान विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या. दूध, भाजी विकणारेही त्यात होते. कित्येकांनी क्यूआर काढून ‘फक्त रोख’ अशा पाट्या लावल्या. लातूर जिल्ह्याची हद्द बिदरला लागून, त्यामुळे ही भीती आपल्याकडेही पोचली. पाटी लावणं हा त्यावरचा उपाय मला पटत नाही. नुसता माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांपर्यंत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. त्यापुढे दीड कोटीपर्यंत कंपोझिशन योजनेत व्यापाऱ्याला एक टक्का भरून मोकळं होता येतं. नोटीस आली तर उत्तर द्यायला लागतो तो हिशेब: यातलं करमुक्त मालाचं किती, घरच्यांनी पाठवलेलं किती, उधारीची वसुली किती. ज्याच्याकडे रोजची नोंद आणि वेगळं खातं आहे त्याला हे उत्तर द्यायला चार्टर्ड अकाउंटंटचा एक दिवस पुरतो.

फळीवरच्या मालाची गोष्ट कृषी सेवा केंद्रवाल्यांना लवकर कळेल. खताच्या अनुदानासाठी त्यांच्याकडे पॉस मशीन आधीच आहे. मशीनवर शेतकऱ्याची ओळख पटवल्याशिवाय पोतं विकता येत नाही आणि साठ्याचा आकडा दुकानात किती, मशीनवर किती, हे जुळवावंच लागतं. मार्च २०१८ पर्यंत ही पद्धत देशभर लागू झाली. तीच शिस्त कीटकनाशकांच्या फळीला लावली तर दरवर्षी मुदत संपून वाया जाणारा माल वाचेल. महिन्यातून एकदा, बाजार नसलेल्या दिवशी, प्रत्येक फळीचा फोटो काढा आणि चार महिन्यांत मुदत संपणाऱ्या बाटल्या पुढे ओढा. मागच्या महिन्याचा फोटो शेजारी ठेवला की कोणता माल जागचा हललेला नाही ते लगेच दिसतं. किराणा दुकानातही हेच. धूळ बसलेली बरणी म्हणजे अडकलेला पैसा. तो मोकळा करण्यासाठी थोडा तोटा सोसून माल काढला तरी चालेल.

वर्षभराची अशी नोंद हातात असली की बँकेत जाताना माणूस वेगळ्या पायरीवर उभा असतो. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते. त्यासाठी पैसे मागणाऱ्या एजंटाला नको म्हणा. मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंत ‘शिशु’ आणि त्यापुढे पाच लाखांपर्यंत ‘किशोर’ कर्ज मिळतं, तारणाशिवाय. शेकडा दोनच्या कर्जातून बाहेर पडायला रेणापूरच्या दुकानदाराला हाच दरवाजा आहे आणि बँकेचा अधिकारी पहिल्यांदा विचारतो ते उलाढालीचं.

तेव्हा या हंगामात एवढंच करा. पेरणीची उधारी सुरू होण्याआधी दुकानाचा वेगळा मोबाईल गल्ल्याशेजारी ठेवा, जुन्या वहीतल्या सगळ्या बाक्या त्यात चढवा, प्रत्येक नव्या नावापुढे वायदा लिहा आणि घरातल्या सगळ्यांना ते लिहायला शिकवा. दुसरं कोणतंही ॲप, मशीन किंवा सॉफ्टवेअर दिवाळीपर्यंत विकत घेऊ नका. वहीपूजनाच्या दिवशी मागच्या वर्षीची बाकी आणि या वर्षीची बाकी शेजारी मांडा, मग पुढे काय घ्यायचं ते ठरवा.